पाच फुटी पुस्तकांचं रॅक, घरच्या गॅलरीत : सुरुवातीपासूनच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

बाबा नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये होते. सार्वजनिक वाचनालयाचे जुने सभासद. १८४० सालापासून चालत आलेल्या त्या वाचनालयातून पुस्तकं आणता आणता त्यांना विकत घ्यायचीही सवय लागली. मागच्या वर्षी त्यांनी तिकडचं घर सोडलं आणि सहा खोकी आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आली. पावसाळाभर ती पलंगाखाली होती. दिवाळीत एक खोकं उघडलं तर खालच्या थरातल्या पुस्तकांच्या कडा कसरीने खाल्लेल्या आणि तीन पुस्तकं ओलीने एकमेकांना चिकटलेली. त्याच दिवशी रॅक करायचं ठरवलं.

तयार रॅक पाहून आले. भुशाच्या बोर्डचं, साडेसात हजार. फळी बोटाने दाबली तरी लवत होती. सुताराला विचारलं तर एवढ्या लहान कामाला यायला कुणी तयार नाही. मी अंबडला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे, मोजमाप रोजचं. करवत मात्र शाळेनंतर हातात धरलेली नाही. याच पायरीवर असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

आज फक्त मोजलं, आणि भिंतीच्या आधी पुस्तकं मोजली. कथा-कादंबऱ्या बहुतेक डेमी आकाराच्या, उंची साडेआठ इंच. दिवाळी अंक साडेनऊ. कोश आणि नकाशांची पुस्तकं साडेअकरापर्यंत. मग वजनकाट्यावर एक फूट लांबीची रांग ठेवून पाहिली. डेमी पुस्तकं साडेसहा किलो, दिवाळी अंक ११ किलो. गुळगुळीत कागद इतका जड असतो याची मला कल्पना नव्हती. म्हणजे अडीच-पावणेतीन फुटांच्या एका फळीवर २५-३० किलो सहज येणार.

५ जानेवारी, रविवार

प्लाय आणला. ८ बाय ४ चा १८ मिमी, बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारा), आयएस ३०३ या भारतीय मानकाचा शिक्का पाहून. ३१०० रुपये. एमआर ग्रेड (फक्त दमटपणा सोसणारा) सातशेने स्वस्त होता, पण आमच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, म्हणून घेतला नाही. पाठीला ६ मिमीचा ५ बाय ३ फुटी तुकडा ६८० ला मिळाला.

आखणी अशी: पूर्ण शीट लांबीत फाडून १२ इंचाच्या चार पट्ट्या, प्रत्येकी ८ फूट. दोन पट्ट्यांतून पाच-पाच फुटांच्या दोन बाजू. उरलेल्या दोन पट्ट्यांतून साडेएकतीस इंचाच्या सहा फळ्या. बाजूंमागे उरणारे तीन-तीन फुटांचे दोन तुकडे शिल्लक. फळ्या शीटच्या लांबीतच काढायच्या, कारण वरच्या पापुद्र्याचे तंतू लांबीत धावतात. आडव्या काढल्या तर त्याच जाडीची फळी जास्त लवते.

दुकानातच मशीनवर तीन उभे काप मारून घेतले, १२० रुपये. पहिली चूक इथेच झाली. चार बारा अट्ठेचाळीस हे कागदावर बरोबर, पण मशीनचं पातं प्रत्येक कापात साधारण एक सूत लाकूड खातं. तीन काप, तीन सूत. (सुतारकामात इंचाचे आठ सूत, पुढे सगळीकडे हेच माप आहे.) घरी येऊन मोजलं तर चौथी पट्टी ११ इंच ५ सूत भरली. दुकानदाराला ‘चार समान पट्ट्या’ सांगितलं असतं तर त्याने आपणहून पावणेबारा धरलं असतं.

रात्री यावर बराच विचार केला. पाठीचा ६ मिमी प्लाय बाजूंच्या आत बसवायचा तर फळ्या बाजूंपेक्षा कमी रुंद लागणारच होत्या. मग सगळ्याच फळ्या ११ इंच ५ सूत करायच्या आणि मागे जी तीन सुतांची जागा सुटेल तीत पाठ बसवायची. रुंद राहिलेली फळ्यांची पट्टी सोमवारी कामावरून येताना दुकानात बारीक करून घेतली, ६० रुपये. ज्यांना पाठ बसवायची आहे त्यांनी हे मापच सुरुवातीपासून घ्यावं.

दुकानदार आडवे कापही मारून द्यायला तयार होता. मी नको म्हटलं, म्हटलं तेवढं घरी करू. त्याचा परिणाम पुढे.

११ जानेवारी, शनिवार

सकाळी साडेआठ ते दुपारी दीड, फक्त आठ काप. नवीन हातकरवत, २८० रुपये.

पहिल्या कापात प्लायच्या खालच्या बाजूचा पापुद्रा अर्धा-अर्धा इंच उचकटून आला. दुसऱ्यापासून रेघेवर धारदार कटर तीन-चारदा फिरवला, खालून चिकटपट्टी लावली, आणि करवत जवळजवळ आडवी धरली. ढलप्या उडणं जवळपास थांबलं. हे तिन्ही करा, एकाने भागत नाही.

तिसरी फळी वाकडी कापली गेली. करवत वरच्या रेघेवर होती पण खाली दीड सूत सरकली होती. मी फक्त वरून पाहत होते. नंतर रेघ दोन्ही बाजूंना आणि कडेवरही मारली, आणि दर चार-सहा फेऱ्यांनी वाकून खाली पाहिलं. वाया गेलेल्या फळीऐवजी शिल्लक तीन फुटी तुकड्यातून नवीन काढली. तो तुकडा नसता तर एका फळीसाठी नवीन शीट घ्यावी लागली असती.

वाकडी फळी चाचणीला घेतली. दोन विटांच्या थरांवर टोकं टेकवली, वर तांदळाचा २५ किलोचा कट्टा आणि पाच किलोची कणीक. कडेला दोरा ताणून मधला झोल व्हर्नियरने (मिलिमीटरचेही भाग मोजणाऱ्या मापाने) मोजला: २ मिमी. तसंच आठवडाभर ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, “अगं, तांदूळ काढायचा तर कट्टा खाली घ्यावा लागेल.” तेवढे दिवस खालच्या डब्यातला वापरा म्हणून त्यांना विनंती केली.

१२ जानेवारी, रविवार

फळी नुसत्या स्क्रूवर बाजूला टांगायची नाही, हे आधी ठरवलं होतं. वाया गेलेल्या तुकड्यात स्क्रू मारून पाहिला होता, तर प्लायच्या कडेत शिरताना थर फाकले. म्हणून प्रत्येक फळीखाली दोन्ही बाजूंना पाऊण इंची चौरस लाकडी पट्टी, तिच्यावर फळी टेकणार. अशा १२ पट्ट्या, दहा-दहा इंचांच्या.

स्क्रू दीड इंची आणले होते. पट्टी १९ मिमी, प्लाय १८, बेरीज ३७, स्क्रू ३८. पहिल्याच स्क्रूचं टोक बाहेरच्या बाजूने बोटाला टोचलं. त्यातही प्लाय मोजला तर १८ नव्हताच, १७.६ भरला, एका कोपऱ्यात १७.४. पुन्हा बाजारात जाऊन सव्वा इंची आणले. दीड तास गेला.

त्यामुळे घाई झाली. दोन्ही बाजूंवर टेपने खुणा केल्या, फेविकॉल लावून पट्ट्या बसवल्या, प्रत्येकी एकच स्क्रू मारला, आणि वर विटा ठेवून दोन्ही बाजू रात्री गॅलरीत आडव्या ठेवल्या. निफाडकडची थंडी या दिवसांत इथपर्यंत येते. पहाटे गॅलरीचा गज हाताला बर्फासारखा लागत होता. तेव्हा त्याचा कामाशी संबंध मनात आला नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. येवल्याला मामांकडे. तिथे संक्रांतीचे तीन दिवस गच्ची सोडून कुणी खाली येत नाही. मामेभावाच्या हातातली आसारी, म्हणजे पतंगाचा दोरा गुंडाळायची फिरकी, नीट पाहिली. एवढ्या ताणाला फिरणारी लाकडी वस्तू, आणि प्रत्येक काडी खाचेत घट्ट. काम आठवडाभर बंद.

१८ जानेवारी, शनिवार

या नोंदींतला सगळ्यात वाईट दिवस, आणि सगळ्यात उपयोगाचाही.

दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या केल्या तर पट्ट्या जुळेनात. पट्ट्या मागच्या कडेपासून तीन सूत आत आणि पुढून दीड इंच मागे ठेवल्या होत्या, पण दोन्ही बाजूंवर एकाच दिशेने. म्हणजे मी दोन डाव्या बाजू केल्या होत्या. एक उलटी फिरवली तर चांगला पापुद्रा आत आणि डागाळलेला बाहेर. शिवाय एकीच्या खुणा वरून मोजल्या होत्या, दुसरीच्या खालून. हाताने कापलेल्या बाजूंच्या लांबीत सूतभर फरक, त्यामुळे एक पट्टी दुसरीपेक्षा दोन सूत वर.

स्क्रू काढून पट्टी पटाशीने उचलायला गेले. पटाशी लावायचीही गरज पडली नाही. पट्टी हाताने निघाली. खाली फेविकॉलचा थर पांढरा, खडूसारखा, नखाने भुकटी होणारा. नीट वाळलेला फेविकॉल पारदर्शक होतो आणि लाकूड ओरबाडल्याशिवाय सुटत नाही. गारठ्यात तो एकसंध पापुद्रा धरत नाही, त्यातलं पाणी उडून जातं आणि मागे भुकटी राहते. बाराच्या बारा पट्ट्या तशाच. चुकून दोन डाव्या केल्या नसत्या तर हे मला कळलंही नसतं, आणि २५-३० किलोची फळी एकेका स्क्रूवर उभी राहिली असती. त्या विचाराने अजूनही पोटात गोळा येतो, कारण खालच्या फळीपाशी बसून माझी मुलगी चित्रं काढणार आहे.

संध्याकाळी शेजारच्या इमारतीतले सुतारमामा पाय मोकळे करायला निघाले होते. गुडघ्यांमुळे आता काम करत नाहीत. मी हाक मारली. त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या, खुणा पाहिल्या.

“ताई, किती टेप वापरले?”

“दोन. एक घरचा, एक कंपनीतला.”

“दोन्ही बाजूला ठेवा. एक सरळ काठी आणा. सगळं तिच्यावर मारा आणि तिच्यावरूनच उतरवा.”

मी प्लायची जाडी व्हर्नियरने मोजून सांगितली. त्यांनी मान हलवली, फळीचा एक तुकडा उचलला, काठीवर उभा धरला आणि त्याच्या दोन्ही अंगांना पेन्सिलने रेघ ओढली. “जाडी किती ते कशाला? ही एवढी.” माझ्या हातातलं व्हर्नियर मी खिशात ठेवलं.

तांदळाचा कट्टाही आज उतरवला. सात दिवसांत झोल २ वरून ३ मिमी झाला होता. वजन काढल्यावर फळी लगेच पूर्ण सरळ झाली नाही. म्हणजे फळीच्या पुढच्या कडेला आधाराची पट्टी हवीच.

१९ जानेवारी, रविवार

काठी केली. पाच फुटी, सरळ, दरवाजाच्या चौकटीला लावून सरळपणा तपासलेली. तळापासून: ३ इंच पायथा, फळी, साडेबारा इंच, फळी, साडेदहा, फळी, दहा, फळी, दहा, फळी, आणि उरलं ते सर्वात वरच्या फळीखाली, साधारण पावणेदहा. प्रत्येक फळीच्या जागी खराच तुकडा धरून रेघा.

मग दोन्ही बाजू पुस्तक उघडल्यासारख्या शेजारी-शेजारी आडव्या ठेवल्या, मागच्या कडा एकमेकींना टेकवून, तळ एका रेषेत. काठी मधोमध ठेवली, खुणा उतरवल्या आणि गुण्या (काटकोनाची पट्टी) लावून रेघा दोन्हींवर एकदम ओढल्या. आता चूक झाली तरी दोन्हींवर सारखीच होणार, फळी तिरपी होणार नाही. दोन्ही बाजूंवर खडूने मोठ्या अक्षरात ‘डावी-आत’, ‘उजवी-आत’, ‘पुढे’, ‘वर’ लिहिलं.

जुना फेविकॉल काचकागदाने पूर्ण घासून काढला, दोन तास. नवीन थर दुपारी बाराला, घरात, प्रत्येक पट्टीला तीन स्क्रू. तीन मिमीच्या बिटने आधी भोक पाडून. रात्री बाजू हॉलमध्येच, भिंतीला टेकवून. सकाळी कडेने ओघळलेला थेंब पाहिला, काचेसारखा पारदर्शक.

२५ जानेवारी, शनिवार

पुढच्या कडेला लावायच्या पट्ट्या आणल्या, सुतार यांना लिपिंग म्हणतात. पंचवटीतल्या एका वखारीत जुन्या नाशकातल्या उतरवलेल्या वाड्याच्या तुळया फाडून ठेवल्या होत्या. सागवान. फळ्यांसाठी दीड इंच रुंद, बाजूंसाठी पाऊण इंची, मिळून २८ फूट, ७०० रुपये. पाईन निम्म्यात आलं असतं. बाबांच्या पुस्तकांना नाशकातल्या वाड्याचं लाकूड मिळतंय म्हटल्यावर मी घासाघीस केली नाही.

बाहेरून लाकूड राखाडी, मळकट, धुराने काळवंडलेलं. सुतारमामांनी आधी लोहचुंबक फिरवायला लावलं. एका जागी ते टचकन चिकटलं. खिळ्याचं डोकं कधीच तुटलेलं, वरून काही दिसत नव्हतं, पण रंध्याने वरचा थर निघाल्यावर तिथे दाण्याएवढा गंज आणि भोवती शाईसारखा काळा डाग लाकडाच्या रेषांतून वर-खाली उतरलेला. चुंबक नसतं तर मामांच्या रंध्याचं पातं गेलं असतं. तो खिळा छोट्या पान्याने हलवून हलवून काढला, हाताने घडवलेला, चौकोनी. डाग तसाच ठेवला आहे, वरून दुसऱ्या फळीला. बाकी पट्टी रंधली तसा सोनेरी रंग वर आला आणि घरभर नव्या चपलेसारखा वास पसरला.

दुपारनंतर सांगाडा जोडला. शिकंजे (क्लॅम्प) माझ्याकडे नाहीत. मामांनी सांगितल्याप्रमाणे सुतळीचे दुहेरी वेढे वर आणि खाली बांधले, मधे लाटणं घालून पीळ दिला. सांधे करकचून बसले. कडेला पुठ्ठा ठेवा, नाहीतर सुतळी प्लायमध्ये रुतते. फळ्यांना खालून, पट्टीतून वर स्क्रू.

नंतर कर्ण मोजले. एक ६८ इंच ६ सूत, दुसरा ६८ इंच २ सूत. डोळ्यांना सांगाडा अगदी चौकोनी दिसत होता. लांब कर्णाच्या दोन टोकांना सुतळी बांधून पीळ दिला, दोन्ही साडेअडुसष्ट होईपर्यंत. पीळ तसाच ठेवून रात्रभर घरात.

२६ जानेवारी, रविवार

मुलगी झेंडावंदनाहून आली आणि आम्ही दोघींनी मिळून पाठ बसवली. सुतळीचा पीळ सोडण्याआधीच पाठ मारायची, मग कर्ण जागेवर राहतात. पाठ नसताना सांगाडा हाताने ढकलला की डुलत होता, पाठीला चार-चार इंचावर चुका (बारीक खिळे) मारल्यावर हललाच नाही.

लिपिंग लावलं. फळ्यांची पट्टी वरून समतल, खाली पाऊण इंच लोंबते. त्यामुळे वरच्या कप्प्याचं तोंड पावणेदहावरून नऊ इंच झालं. डेमी पुस्तक आरामात जातं. दिवाळी अंकांसाठी मी साडेदहाचा कप्पा धरला होता, तोंड पावणेदहा, तेही बसतात, पण बोट घालायला जागा जेमतेम. ही पाऊण इंचाची घट कप्पे ठरवतानाच धरा. मी धरली नव्हती, नशिबाने निभावलं.

वाकड्या फळीलाही तशीच पट्टी लावून पुन्हा ३० किलो ठेवले. झोल १ मिमीच्या आत.

१ आणि २ फेब्रुवारी

काचकागद १२०, मग १८०, मग २२०. बारीक भेगांत भुसा आणि फेविकॉल कालवून भरला. ती चूक होती. पॉलिश लावल्यावर प्रत्येक भेग फिकट ठिपका होऊन दिसते, कारण फेविकॉल पॉलिश पिऊ देत नाही. चपड्यातच भुसा कालवायला हवा होता.

पॉलिश साधं: चपडा (लाखेच्या पातळ पापड्या), लिटरभर स्पिरिटला २०० ग्रॅम, रात्रभर विरघळवून मलमलीतून गाळलेला. कापसाचा बोळा मऊ सुती कापडात गुंडाळून तंतूंच्या दिशेने, थांबायचं नाही. तीन हात. पहिला हात कोरडा आणि निराशाजनक दिसतो, घाबरू नका. तिसऱ्या हाताला सागवानावर जी झळाळी आली ती पाहायला सासूबाईंनी दिवा जवळ आणला. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस बंद, स्पिरिट लगेच पेटतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

भिंतीला बांधणं. हे टाळू नका. भरलेलं रॅक शंभर किलोच्या पुढे जातं आणि मुलं फळ्यांवर पाय ठेवतात. ओलीसाठी भिंतीपासून इंचभर जागा सोडली, मधे लाकडी ठोकळे, वर दोन एल पट्ट्या. पहिलं भोक विटांच्या सांध्यात गेलं, ड्रिल लोण्यासारखं आत शिरलं आणि राखाडी भुकटी आली. स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची गिट्टी त्यात नुसती फिरत होती. दोन इंच बाजूला सरकून पाडलं तेव्हा लाल भुकटी आली, वीट लागली, गिट्टी ठोकून बसवावी लागली.

चपड्याचा वास पूर्ण जाईपर्यंत रिकामं ठेवलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

एकूण खर्च: प्लाय आणि पाठ ३७८०, कापाई १८०, टेम्पो ३००, सागवान ७००, फळ्यांखालच्या पट्ट्या १५०, फेविकॉल ३००, दोन्ही खेपेचे स्क्रू आणि बारीक खिळे १८०, करवत २८०, बिट ९०, काचकागद १२०, चपडा आणि स्पिरिट ३५०, एल पट्ट्या आणि गिट्ट्या ११०. बेरीज ६५४०. ड्रिल मामेभावाचं, रंधा आणि गुण्या सुतारमामांचा. वेळ साधारण ४६ तास, त्यातले निदान १२ तास चुका निस्तरण्यात.

पुस्तकं मागच्या रविवारी लावली. कोश तळाला, त्यावर दिवाळी अंक, मग डेमी. आज मराठी भाषा गौरव दिन, म्हणून बाबा आले होते. त्यांनी कसर लागलेली पुस्तकं वेगळी काढली, एकेक पान उघडून ब्रशने झाडली, आणि वरच्या कप्प्यात स्वतःच्या हाताने ठेवली. खिळ्याच्या काळ्या डागावरून त्यांचा अंगठा बराच वेळ फिरत होता. “हा कुठल्या वाड्याचा?” त्यांनी विचारलं. वखारवाल्याला विचारायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. शनिवारी जाऊन विचारते.

ते गेल्यावर दिवाळी अंकांच्या फळीला दोरा लावला. २७ किलो, चार दिवस, झोल अर्धा मिमी. दोऱ्याची जागा बाजूंवर पेन्सिलने लिहून ठेवली आहे, पावसाळा संपला की पुन्हा लावणार.